चेकच्या पोटातला राजा

‘चेक्सचा शर्ट घातलेल्या कारकुनाने चेक चेक केला.’ वाक्य ओबडधोबड आहे, पण चुकीचं नाही, आणि ते समजायला कुणालाच अडचण येत नाही. पहिला चेक म्हणजे चौकडी, दुसरा म्हणजे धनादेश आणि तिसरा म्हणजे तपासणं. इंग्रजीत धनादेशाचं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीने जरा वेगळं लिहितात, पण कानाला तिन्ही सारखेच. आता कापडावरच्या चौकोनांचा, बँकेतल्या कागदाचा आणि तपासणीचा एकमेकांशी काय संबंध? योगायोगाने सारखे ऐकू येणारे हे तीन वेगळे शब्द असावेत, असं वाटणं स्वाभाविक आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पण हा योगायोग नाही. तिन्ही चेकच्या मुळाशी एक राजा बसलेला आहे, आणि तोही इराणचा. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे हा राजा इंग्रजीतून आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत वावरतो आहे. आपण त्याला ‘शह’ म्हणतो.

बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला केला की शह दिला म्हणतात. फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर मोहरा रोखला की खेळाडू ‘शाह!’ असं म्हणायचा, म्हणजे ‘बाबा रे, तुझा राजा सांभाळ’ अशी सूचना द्यायचा. ऐकणाऱ्यांच्या मनात हळूहळू तो शब्द राजाचा न राहता हल्ल्याचा झाला. ज्याच्यावर संकट आलं त्याचंच नाव संकटाला मिळालं. इंग्रजीत त्याच क्षणाला ‘चेक’ म्हणतात. तेव्हा शह आणि चेक हे एकमेकांचे प्रतिशब्द तर आहेतच, पण मुळात तो एकच शब्द आहे. फारसीतून एक वाट आपल्याकडे आली, दुसरी अरबस्तान आणि फ्रान्स असा वळसा घेऊन इंग्लंडला गेली.

या शाहाची वंशावळ आणखी मागे जाते. प्राचीन फारसीत राजाला ‘ख्शायथिय’ म्हणत. सम्राट दारियस पहिला याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर जो प्रचंड लेख कोरवला, त्यात तो स्वतःला ‘राजांचा राजा’ म्हणवतो, म्हणजे आपल्या ओळखीचा शहेनशाह. या ‘ख्शा’मधला ख्श म्हणजे संस्कृतातला क्ष. सत्ता गाजवणं या अर्थाचं हे मूळ दोन्ही भाषांना एकाच पूर्वज भाषेकडून मिळालं. संस्कृतात त्यापासून क्षत्र आणि क्षत्रिय आले. इराणी प्रांताधिकाऱ्याचं पद ‘क्षत्रप’ हेही याच घरातलं, आणि मराठी वृत्तपत्रं आजही एखाद्या भागावर पकड असलेल्या पुढाऱ्याला क्षत्रप म्हणतात. म्हणजे चेकबुकातला चेक हा क्षत्रियाचा लांबचा का होईना, पण भाऊबंद आहे.

हा राजा युरोपात पोचला तो खेळाच्या पटावर बसून. भारतातला चतुरंग इराणात गेला तेव्हा त्याचा ‘चतरंग’ झाला. पुढे अरबांनी तो उचलला. अरबीत च नाही आणि आपल्यासारखा ग सुद्धा नाही, म्हणून च चा श झाला, ग चा ज झाला आणि शब्द बनला ‘शतरंज’. दहाव्या शतकाच्या सुमारास हा खेळ मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमधून आणि इतर वाटांनी ख्रिस्ती युरोपात पसरला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी खेळाचं नाव शतरंजवरूनच घेतलं. स्पॅनिशमधलं ‘अखेद्रेथ’ ओळखू येत नसलं तरी ते आपल्या चतुरंगाचंच बदललेलं रूप आहे. बाकीच्या युरोपाने मात्र खेळाचं नाव सोडून खेळताना सतत कानावर पडणारा शब्द धरला, तो म्हणजे शाह. जर्मनीत खेळाचं नाव ‘शाख’ झालं, इटलीत ‘स्काक्की’, रशियात ‘शाखमाती’.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला आणि एकाचे दोन झाले. जुन्या फ्रेंचमध्ये एकवचन ‘एस्चेक’ होतं आणि अनेकवचन ‘एस्चेस’. एकवचनापासून चेक झाला, अनेकवचनापासून चेस. म्हणजे चेस या शब्दाचा शब्दशः अर्थ होतो ‘पुष्कळ शाह’. पटावर राजे दोनच असतात, पण ते सोडून देऊ.

शाहचा चेक होणं हे जरा ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटेल, म्हणून पायऱ्या सांगतो. मध्ययुगीन लॅटिन लिहिणाऱ्यांनी शाहमधल्या श साठी स्क लिहिला, शेवटच्या ह साठी क लिहिला, पुढे लॅटिन प्रत्यय लावला आणि ‘स्काकुस’ तयार केला. फ्रेंचांच्या पूर्वजांना शब्दाच्या सुरुवातीला स्क, स्ट असली जोडाक्षरं जड जात. ते आधी एक स्वर लावून घेत. आपल्याकडे स्टेशनचं ‘इस्टेशन’ आणि स्कूलचं ‘इस्कूल’ करणारी माणसं नेमकं हेच करतात, तेव्हा त्यांना हसण्याचं कारण नाही. शिवाय फ्रेंचमध्ये आ या स्वराआधीचा क पुष्कळदा च झाला. असा झाला एस्चेक. इंग्रजांनी तो घेताना पुढचा एस् गाळून टाकला. असं त्यांनी इतरत्रही केलं आहे. ‘इस्टेट’ आणि ‘स्टेट’ हे दोन्ही शब्द एकाच फ्रेंच शब्दापासून आले, एकात पुढचा स्वर राहिला, दुसऱ्यात गळाला.

आणि च च का, श का नाही? कारण इंग्रजांनी शब्द लवकर उचलला. पुढे फ्रेंच लोक स्वतःच च चा उच्चार श असा करू लागले. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हे मूळचे एकच आहेत. पहिला इंग्रजीत जुन्या काळी आला, दुसरा फार नंतर, बदललेला उच्चार घेऊन. त्यामुळे आजच्या फ्रेंचमध्ये शह म्हणजे ‘एशेक’. श पासून निघालेला शब्द स्क आणि च अशी फिरस्ती करून पुन्हा श वर आला. फ्रेंचमध्ये त्याचा रोजचा अर्थ मात्र ‘अपयश’ असा आहे. राजा कोंडीत सापडला की अपयशच म्हणायचं.

मातेबद्दल (आईबद्दल नव्हे, शहमातमधल्या मातेबद्दल) थोडं सांगायला हवं. इंग्रजीतला ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. मेटचा मित्राशी संबंध नाही. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’, म्हणून राजा मेला असा अर्थ पुष्कळ ठिकाणी दिलेला सापडतो. पण फारसीत मात म्हणजे हतबल झालेला, थक्क होऊन जागीच थिजलेला. मला दुसरा अर्थ पटतो, कारण खेळाचा नियमच त्याच्या बाजूने आहे. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. प्यादी मरतात, वजीर मरतो, राजाला फक्त हलायला जागा उरत नाही. आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो तेव्हाही संकटाला ठार केलेलं नसतं, त्याचं आपल्यापुढे काही चाललेलं नसतं.

इथपर्यंत मराठीतला शह आणि इंग्रजीतला चेक बरोबरीने चालले. दोघेही पटावरून उठून बाहेरच्या जगात गेले. मराठीत एक पक्ष दुसऱ्याला शह देतो, शहाला काटशह बसतो. इंग्रजीतही चौदाव्या शतकापर्यंत चेक म्हणजे रोखणं, अडवणं, लगाम घालणं असा अर्थ रुळला. शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवावे लागतात, आधी राजा सोडवावा लागतो. कितीही जोरात चाललेला डाव तिथे अडतो. हा अडण्याचा भाग लोकांनी उचलला आणि राजा विसरला. आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडकून थोपवतात त्याला बॉडी चेक म्हणतात, तो हाच. सत्तेच्या एका शाखेने दुसरीला आवर घालण्याच्या घटनात्मक व्यवस्थेला इंग्रजीत ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, त्यातला चेकही हाच.

यानंतर दोघांच्या वाटा फुटल्या. आपला शह डावपेचांतच रमला. त्याने कधी हिशेब तपासला नाही. चेक मात्र कचेरीत शिरला. एखाद्या माणसाच्या हातात पैसे आहेत आणि त्याने गैरव्यवहार करू नये असं वाटतं, तर त्याला आवर कसा घालायचा? त्याच्या वहीसमोर दुसरी वही ठेवायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. अशी जुळवाजुळव म्हणजे त्याच्यावरचा लगाम, अर्थात चेक. मग लगाम मागे पडला आणि जुळवून पाहणं तेवढं पुढे आलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस चेक करणं म्हणजे तपासणं, पडताळणं हा अर्थ इंग्रजीत दिसू लागतो. आज आपण ‘जरा चेक कर’ म्हणतो तो हा. एकदा गॅस बंद आहे का हे चेक करताना मनात राजा, लगाम, वही यातलं काहीही येत नाही, आणि यायची गरजही नाही.

आता चौकड्यांकडे वळू. ही या शब्दाची दुसरी फांदी, आणि माझ्या मते जास्त रसाळ. स्काकुस म्हणजे बुद्धिबळातला मोहरा, तर ‘स्काकारियुम’ म्हणजे बुद्धिबळाचा पट. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एस्चेकिए’ झालं आणि इंग्रजीत ‘एक्सचेकर’. काळी-पांढरी घरं असलेला पट लोकांच्या इतका डोळ्यांत भरला होता की तसली नक्षी असलेल्या कशालाही ते ‘चेकर’ म्हणू लागले, आणि कापडाच्या बाबतीत त्याचं आखूड रूप चेक झालं. मोटार शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळा-पांढरा झेंडा, अमेरिकेत ‘चेकर्स’ नावाने खेळला जाणारा सोंगट्यांचा खेळ, इंग्रजीत ज्याच्या आयुष्यात बरे-वाईट दिवस आळीपाळीने आले त्याला लावतात ते ‘चेकर्ड’ हे विशेषण, ही सगळी त्या पटाची पिल्लं.

पण एक्सचेकर म्हणजे तर इंग्लंडची सरकारी तिजोरी! पटाचा तिजोरीशी काय संबंध? इथे बाराव्या शतकात जावं लागतं. राजा हेन्री पहिला याच्या काळापासून इंग्लंडमध्ये परगण्यांचे अधिकारी, म्हणजे शेरीफ, वर्षातून दोनदा राजाच्या अधिकाऱ्यांपुढे वसुलीचा हिशेब द्यायला येत. तेव्हा तिकडे रोमन अंक वापरात होते. शून्य नाही, एकं-दहं-शतंची घरं नाहीत. रोमन अंकांत लिहून बेरीज-वजाबाकी करायची म्हणजे डोकेदुखी. त्यात बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणून हिशेब लिहून न करता मांडून करत.

त्यासाठी एक मोठं टेबल असे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकाच्या अखेरीस या कारभारावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहायला घेतला, त्यात या टेबलाचं वर्णन आहे. साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद, काठाला चार बोटं उंचीची कड, म्हणजे वरचं काही घरंगळून पडायला नको. वर काळं कापड, आणि त्यावर एक फूट किंवा पसरलेल्या वितीइतक्या अंतराने आखलेल्या रेघा. एका रकान्यात पेन्स, शेजारच्या रकान्यात शिलिंग, मग पौंड, वीस पौंड, शंभर, हजार अशी घरं. त्यांत नाण्यांसारख्या चकत्या मांडायच्या. येणं किती ते वर, भरलं किती ते खाली, आणि एकेक चकती उचलत वजाबाकी. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आपल्याकडे किती बाकी निघते ते डोळ्यांनी दिसायचं.

टेबलाच्या एका बाजूला शेरीफ, दुसऱ्या बाजूला खजिनदाराची माणसं, मध्ये रेघांचं कापड आणि त्यावर सरकणाऱ्या चकत्या. बघणाऱ्याला बुद्धिबळ आठवलं नसतं तरच नवल. फिट्झनील स्वतःच सांगतो की हे नाव पटाच्या सारखेपणामुळे पडलं, आणि खजिनदार व शेरीफ यांच्यातली झुंजही त्या खेळासारखीच असते. टेबलाचं नाव कचेरीला पडलं, कचेरीचं नाव तिजोरीला. ते कापड कधीच नामशेष झालं, पण ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचा अधिकृत हुद्दा अजूनही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ आहे.

याच कचेरीची आणखी एक वस्तू इथे हवी, नाहीतर धनादेशाचा धागा जुळणार नाही. शेरीफाने पैसे भरले की पावती म्हणून लाकडाची काठी मिळे. तिच्यावर रकमेप्रमाणे लहानमोठ्या खाचा पाडायच्या आणि मग ती उभी चिरायची. एक फाळका भरणाऱ्याकडे, दुसरा कचेरीत. पुढच्या वेळी दोन्ही फाळके एकमेकांना लावून पाहायचे. खाचा आणि लाकडाच्या रेषा जुळल्या तर व्यवहार खरा. खोटी खाच पाडायला जावं तर दुसऱ्या फाळक्यात ती सापडणार नाही. ही पद्धत इतकी टिकाऊ निघाली की ती थेट १८२६ साली बंद झाली. नंतर पडून राहिलेल्या जुन्या काठ्यांचं काय करायचं म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या ब्रिटिश संसदेच्या इमारतीतल्या भट्ट्यांत जाळायला दिल्या. भट्ट्या भलत्याच तापल्या आणि संसदेची बहुतेक इमारत जळून खाक झाली. हिशेबाच्या जुन्या काठ्यांनी असा सूड उगवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

काठीची जागा कागदाने घेतली तरी युक्ती तीच राहिली. कागदाचा एक तुकडा द्यायचा, जुळवून पाहण्यासाठी दुसरा स्वतःकडे ठेवायचा. पावतीपुस्तकातली आपली स्थळप्रत ती हीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘चेक’ म्हणत ते या स्थळप्रतीला, कारण लबाडीला लगाम घालणारा आणि पडताळणी करू देणारा कागद तो होता. बँकेला ‘अमक्याला एवढे पैसे द्या’ असं लिहून देण्याची चाल तर त्याआधीची. लंडनमधल्या मॉरिस आणि क्लेटन या पेढीवर काढलेला, १६ फेब्रुवारी १६५९ ही तारीख असलेला असा एक हस्तलिखित कागद अजून जपलेला आहे. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ साली छापील नमुने काढायला सुरुवात केली. हळूहळू चेक हे नाव स्थळप्रतीवरून मुख्य कागदाकडे सरकलं. पुस्तकात राहणारा तुकडा बाजूला पडला, हातात जाणारा तुकडा चेक झाला.

ब्रिटिशांनी त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या वळणाने सजवलं, अमेरिकनांनी साधंच ठेवलं. त्यामुळे धनादेशात दोन्ही फांद्या पुन्हा एकत्र आल्या. अर्थ लगामवाल्या फांदीचा, पेहराव पटवाल्या फांदीचा. फ्रेंचांनी पुढे धनादेशासाठी हाच शब्द इंग्रजांकडून परत घेतला आणि आपल्या सवयीने त्याचा उच्चार ‘शेक’ केला.

उरलेले अर्थ यातून आपोआप सुटतात. खूण पटवायला दिलेला तुकडा म्हणजे चेक, म्हणून सामान ठेवल्यावर मिळणारा बिल्ला चेक, आणि अमेरिकेत उपाहारगृहातलं बिलही चेक. तिथेच बेसबॉलचा सामना पावसाने थांबला तर प्रेक्षकाला पुन्हा येता यावं म्हणून मिळणारा तिकिटाचा तुकडा म्हणजे ‘रेन चेक’. आता एखादं आमंत्रण ‘आज नको, पुन्हा कधीतरी’ असं गोड बोलून टाळायलाही तो शब्द वापरतात. यादीतल्या नावापुढे बरोबरची खूण करतात तोही चेक, म्हणून विमानतळावर किंवा हॉटेलात नोंद करून आत जाणं चेक-इन आणि हॉटेलातून हिशेब चुकता करून बाहेर पडणं चेक-आउट. मराठीने तर त्याला सरळ आपल्या शब्दाशी बांधून ‘चेकनाका’ केला. त्यात अडवणं आणि तपासणं हे दोन्ही जुने अर्थ एका जागी उभे आहेत.

एवढं वाचून कुणाला जिकडेतिकडे शाह दिसू लागला तर जरा थांबवायला हवं. चेक प्रजासत्ताकातला चेक हा त्या लोकांचा स्वतःचा स्लाव्ह शब्द आहे, त्याचा बुद्धिबळाशी काडीचा संबंध नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तो वेगळा दिसतो, देवनागरीत येऊन मात्र तो आपल्या चेकमध्ये मिसळून जातो. चौकडी आणि चौकट यांतला चौ हा संस्कृत चतुरमधून आलेला, म्हणजे फार तर चतुरंगाचा नातेवाईक, शाहाचा नव्हे. आणि अरबी ‘माता’ व संस्कृत ‘मृत’ कितीही सारखे वाटले, दोघांतही मरण असलं, तरी ते वेगवेगळ्या भाषाकुळांतले आहेत. असा सारखेपणा दिसला की मी आधी ध्वनी कसे बदलले आणि शब्द कुठल्या वाटेने आला हे पाहतो. शाह ते चेक या वाटेवर प्रत्येक मुक्कामाचा कागद सापडतो, म्हणून ती खरी.

राहिला मूळचा पट. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शह देताना तोंडाने तसं सांगण्याचं बंधन नाही. मोठ्या स्पर्धांत खेळाडू मोहरा सरकवतो, घड्याळाची कळ दाबतो आणि गप्प बसतो. समोरच्याने आपला राजा आपण पाहायचा.